पिच्चर बघितलाय, आता पुस्तक कशाला?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की सध्या मला एक नाद लागलाय, कादंबरी वाचून संपली की तिच्यावरचा सिनेमा शोधून बघायचा, आणि तुम्ही पण असं काही वाचलं-बघितलं असेल तर कळवा. त्यावर एवढे प्रश्न येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही म्हणून थोडे निवडलेत, काहींची पत्रं कापून छोटी केलीत, राग मानू नका. आणि एक आधीच सांगते, मी कुणी समीक्षक वगैरे नाही, सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानाचा हिशोब लिहिणारी बाई आहे आणि वाचनालयाची जुनी मेंबर, त्यामुळे ही सगळी माझी मतं आहेत, पटली नाहीत तर बिनधास्त लिहून कळवा.

ताई, ‘शाळा’ पिच्चर बघितला, लय आवडला. रूममेट म्हणतो पुस्तक न वाचता काय करलालास बे. पण गोष्ट तर सगळी माहितीये की, मग तेच परत वाचायचं कशाला? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

अरे गोष्ट माहितीये हे मान्य, पण ‘शाळा’त गोष्ट आहेच केवढी? नववीतल्या पोराला वर्गातली मुलगी आवडते, वर्ष संपतं, ती निघून जाते. एवढ्या गोष्टीसाठी 2004 साली आलेलं पुस्तक लोक अजून एकमेकांकडून मागून नेत नाहीत. मिलिंद बोकिलांनी जे केलंय ते असं की ते स्वतः मधे आलेच नाहीत, सगळं त्या मुकुंद जोशीला बोलू दिलंय. कोणता मास्तर कसा, घरच्यांना कसं गंडवायचं, मित्रांतला कोण किती फेकतो, शिरोडकर समोरून आली की काय होतं, हे सगळं तो त्याच्या नववीच्या अकलेने आणि नववीच्या भाषेत सांगतो आणि सांगता सांगता मधेच असं काही शहाणं बोलून जातो की आपण पान उलटायचं थांबतो. बाहेर आणीबाणी चालू आहे, पण त्यातलं पोराला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं, लेखक मागून येऊन समजावत बसत नाही.

आता सिनेमात काय होतं, तर हा सांगणारा पोरगा आपल्यासमोर उभा राहतो. म्हणजे आत्तापर्यंत आपण त्याच्या डोळ्यांनी बघत होतो, आता आपण त्याच्याकडे बघायला लागतो. हा फार मोठा फरक आहे आणि मला वाटतं कादंबरीवरचा कुठलाही सिनेमा जमला का फसला ते इथंच ठरतं. कुठला प्रसंग गाळला, कुणाचं नाव बदललं ह्याने फार काही बिघडत नाही. सांगणारा गेला, मग त्याच्या जागी काय आणलं ते बघायचं. सुजय डहाकेने अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर ह्या दोन पोरांचे चेहरे आणले, आणि ते चेहरे खरे होते, कोवळे होते, म्हणून तो सिनेमा टिकला, मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून नॅशनल अवॉर्ड पण मिळालं. पण मुकुंद जोशीच्या डोक्यातली ती अखंड बडबड, ती पुस्तकातच आहे. आणि तू आधी सिनेमा बघितलास ते एका अर्थी बरंच झालं, पुस्तकाकडून सिनेमाकडे येणारा माणूस निम्मा वेळ काय काय गाळलं त्याची यादी करत बसतो, तुला ते टेन्शन नाही. रूममेटचं ऐक.

‘नटरंग’ मी थिएटरला बघितला होता तेव्हा मी कॉलेजला होते, गाण्यांसाठी गेलो होतो सगळ्या मैत्रिणी. आता पुस्तक वाचलं तर पार सुन्न झाले. मिस्टर म्हणतात पुस्तकापेक्षा पिच्चर भारी, पुस्तक कोरडं आहे. तुम्ही कोणाच्या बाजूने? – एक वाचक, अक्कलकोट

तुमच्या, पण मिस्टरांना अगदीच खोटं पाडणार नाही.

‘नटरंग’ 1 जानेवारी 2010 ला आला आणि त्या वर्षी लग्न-वरात-गणपती कुठंही जा, ‘वाजले की बारा’ आणि ‘अप्सरा आली’ शिवाय दुसरं काही वाजत नव्हतं. अजय-अतुलचं संगीत, गुरू ठाकूरचे शब्द, ती मजा पुस्तकात कशी येणार? त्या अर्थाने पुस्तक कोरडं आहे हे खरंय. आनंद यादव हे मूळ कागलचे, त्यांच्या नायकाचं, गुणाचं, आडनाव पण कागलकर, आणि त्यांना तमाशाची मजा दाखवायची नव्हतीच मुळी. त्यांना एक शेतमजूर दाखवायचा होता, पैलवानी अंगाचा, कुस्तीचा शौकीन, ज्याला कलेची तहान आहे, आणि फडासाठी नाच्या मिळत नाही म्हणून जो स्वतः नाच्या होतो. त्यापुढे त्याचं घर, बायको, बाप, गाव, अंग, सगळं त्याच्यापासून एकेक करून सुटत जातं. ह्यात टाळी वाजवायला जागा कुठे आहे सांगा.

सिनेमाने ह्या माणसाच्या आत शिरायला जी वाट काढली ती म्हणजे अतुल कुलकर्णीचं अंग. मी जे वर म्हणलं ना, सांगणाऱ्याच्या जागी काय आणलं, तर इथं शब्दांच्या जागी अंग आणलं. आधी वजन वाढवून पैलवान, मग तेच उतरवून नाच्या, आणि मधे कुठंतरी चालण्यात, मान वळवण्यात, हाताच्या बोटांत जो बदल होत जातो तो बघताना गुणाच्या मनात काय चाललंय ते कुणी सांगायची गरजच उरत नाही. यादवांना ज्याला पानंच्या पानं लागली ते तो माणूस नुसता पाठमोरा उभा राहून सांगतो. (हे आपल्या सोलापूरचे, हरिभाई देवकरण प्रशालेचे विद्यार्थी, इथल्या नाट्य आराधना संस्थेतून रंगमंचावर उभे राहिलेले, त्यामुळे मी थोडी झुकते माप देत असेन तर देऊ दे.)

माझं भांडण आहे ते शेवटाशी. सिनेमा गुणाला मान मिळतो तिथं आणून सोडतो, आपण डोळे पुसत का होईना पण समाधानाने बाहेर पडतो, रवी जाधवचा तो पहिला सिनेमा होता आणि एवढं सोसलेल्या माणसाला काहीतरी द्यावं असं वाटणं मी समजू शकते. पण पुस्तक असं काही हातात देत नाही आणि तुम्ही सुन्न झालात ते त्यामुळेच. मिस्टरांना म्हणावं गाणी सिनेमातली ऐका, शेवट पुस्तकातला वाचा.

‘तुंबाड’ सिनेमा ‘तुंबाडचे खोत’वर आहे ना? मी दोन्ही खंड मागवणार आहे, त्या हस्तर राक्षसाचं पुस्तकात काय होतं ते बघायचंय. – विजापूर रोडवरून एक वाचक

थांबा, हस्तरसाठी मागवत असाल तर पैसे वाया! श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये भूत नाही, खजिना नाही, हस्तर तर नाहीच नाही. ती कोकणातल्या जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा आहे, भरपूर माणसं, भरपूर भानगडी, आणि प्रचंड जाडजूड. राही अनिल बर्वेच्या सिनेमाने तिथून गावाचं नाव घेतलं, पण ती साखळीने बांधलेली म्हातारी जिथून आली ते घर नारायण धारपांचं. धारपांच्या भयकथा वाचल्या नसतील तर त्या मागवा, आणि रात्री एकट्याने वाचू नका असं म्हणणार होते पण रात्री एकट्यानेच वाचा, नाहीतर काय उपयोग. खोत नंतर वाचा, निवांत सुट्टी असेल तेव्हा, फार थोर कादंबरी आहे, फक्त वेगळी.

मी सांगोला तालुक्यात एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. ‘बनगरवाडी’ शिकताना मार्कांसाठी वाचली होती, नोकरी लागल्यावर परत वाचली आणि प्रत्येक पानावर थांबत गेलो. मग अमोल पालेकरांचा सिनेमा पण मिळवून बघितला. सिनेमा चांगला आहे पण त्यात मास्तर कुठेतरी बाजूला पडल्यासारखा वाटला. असं का वाटत असेल?

गुरुजी, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. असं का वाटतं ते सांगायचा प्रयत्न करते, थोडं लांबेल.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 ची. तिच्यातला राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा औंध संस्थानातला अगदी पोरसवदा मास्तर, धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, आणि तिथं शाळाच नाही, म्हणजे पोरं मेंढरांमागे रानात गेलेली आणि लोकांना शाळेचं कौतुक नाही. मग हळूहळू तो वाडीचा होत जातो, कुणाचं पत्र लिही, कुणाचा कागद वाच, कुणाचं भांडण मिटव, कुणासाठी बाजारातून काही आण. गंमत अशी की हा माणूस स्वतःबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही. शेकू, आयबू, आनंदा रामोशी, कारभारी, अंजी सगळ्यांबद्दल सांगतो, आणि आपल्याला ती सगळी माणसं त्याच्या आवाजातून दिसतात म्हणून तोच आपल्याला सगळ्यात जास्त कळतो. माडगूळकरांची ही जादू आहे, मास्तर न बोलता पानभर पसरलेला आहे.

आता कॅमेऱ्यासमोर असा मास्तर उभा करा. तो गप्प माणूस आहे, ऐकणारा माणूस आहे. पडद्यावर ऐकणारा माणूस कोपऱ्यात जातो आणि बोलणारा पुढे येतो, त्यात कारभाऱ्याच्या कामाला चंद्रकांत मांढरे, म्हणजे नुसतं बसले तरी नजर तिकडेच जाणार. त्यामुळे सिनेमा मास्तरचा न राहता वाडीचा झाला. आणि पटकथा स्वतः माडगूळकरांचीच आहे बरं का, म्हणजे लेखकाला काय गेलं हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, पुस्तक येऊन चाळीस वर्षं झाल्यावर 1995 साली हा सिनेमा आला, त्यांनी विचार करूनच केलं असणार.

ह्याचा तोटा मला सगळ्यात जास्त अंजीच्या चोळीच्या भानगडीत जाणवतो. कारभाऱ्याची पोरगी अंजी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, मास्तर आणतो, आणि कारभाऱ्याच्या मनात किल्मिष शिरतं. पुस्तकात आपण मास्तरच्या बाजूला उभे असतो, आणि तो मुळातच कमी बोलणारा असल्यामुळे आपल्याला पण मनातून एक शंका चाटून जाते की बाबा तुला खरंच काही वाटत नाही का तिच्याबद्दल? ती शंका आपल्याला येते म्हणून कारभाऱ्याचा राग पण समजतो. सिनेमात आपण तिघांनाही बाहेरून बघतो, सगळं साफ दिसतं, आणि साफ दिसलं की ती टोचणी जाते.

पण फायदा पण आहे. माळ! तो उजाड माळ, मेंढरांचे कळप, दगड-मातीची घरं, आणि पाऊस दगा देतो तेव्हा एकेक कुटुंब सामान बांधून निघतं ते. पुस्तकात हे दोन-चार वाक्यांत येतं आणि ते पुरतं, पण पडद्यावर रिकामी होत जाणारी वाडी बघताना जे होतं ते पुस्तकापेक्षा कमी नाही, हे मी माडगूळकरांची भक्त असून सांगते. तालमीसाठी सगळी वाडी राबते, औंधचे राजे पंतसरकार येतात, केवढा तो दिवस, आणि त्यानंतर हे असं.

तुमच्याकडे तर आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा झाल्यात, माडगूळकरांचा माळ शोधायला पलीकडे आटपाडीला गेलं तरी तसाच सापडेल ह्याची खात्री नाही. पण ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरं दिवाळीनंतर वर्गातून गायब होतात हे तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय, ते वाचून मला वाटलं ही कादंबरी अजून संपलेली नाही. गुरुजी, तुम्ही लिहा. मास्तरने लिहिलेली गोष्ट वाचायला लोक कायम तयार असतात.

‘सैराट’ कोणत्या कादंबरीवर आहे? – करमाळा

कोणत्याच नाही. तुमच्याच तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी स्वतः रचलेली गोष्ट आहे ती, ‘फँड्री’ पण. करमाळ्याहूनच हा प्रश्न यावा ह्याची मात्र गंमत वाटली.

हल्लीचे सिनेमे राहू द्या, आमच्या वेळेला ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ आले तेव्हाची चर्चा तुम्हाला काय माहीत! दोन्ही कादंबऱ्यांवरचेच होते. त्यांच्याबद्दल लिहायची हिंमत करा. – निवृत्त बँक कर्मचारी, सात रस्ता

काका, हिंमत करते!

दोन्ही डॉ. जब्बार पटेलांचे आणि दोन्हीच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या. जब्बार पटेल पण हरिभाई देवकरणचेच, म्हणजे त्या शाळेच्या पाण्यातच काहीतरी असणार. ‘सिंहासन’ 1979 चा, आणि तो एका नाही तर अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आहे, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. मी आधी सिनेमा बघितला होता लहानपणी टीव्हीवर, काही कळला नव्हता, आता दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली आणि परत बघितला तेव्हा तेंडुलकरांना हात जोडले. साधू पत्रकार होते, त्यांच्याकडे मुंबईतली इतकी माणसं आणि इतकी माहिती की पुस्तकात ती सगळीकडून येऊन अंगावर आदळते, मंत्री, कामगार पुढारी, स्मगलर, झोपडपट्टी, सचिव. हे सगळं एका सिनेमात कोंबायचं तर धागा लागतो, तो धागा म्हणजे दिगू टिपणीस हा पत्रकार, आणि त्या कामाला घेतलं कोणाला तर निळू फुल्यांना! ज्या माणसाला बघून गावोगावच्या बायका शिव्या घालायच्या, त्याला इथं सगळ्या घाणीकडे नुसतं बघत राहणारा, थकलेला, प्रामाणिक माणूस केलं. मुख्यमंत्री अरुण सरनाईक आणि अर्थमंत्री डॉ. लागू एकमेकांना खेळवत राहतात आणि आपण दिगूच्या मागे मागे फिरत राहतो. मी आधी म्हणत होते की सिनेमा सांगणाऱ्याला घालवतो, इथं उलट झालंय, सिनेमाने सांगणाऱ्याला हाताला धरून मधोमध आणून बसवलंय. आणि शेवटी तो जो हसतो, ते हसणं पुस्तकं वाचताना पण माझ्या कानात चालू होतं. आजच्या बातम्या बघताना पण असतं, पण ते राहू दे.

‘उंबरठा’ शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवर, 1982 चा. इथं माझं मत तुम्हाला आवडणार नाही कदाचित. सगळे म्हणतात स्मिता पाटील, सगळे म्हणतात ‘सुन्या सुन्या मैफिलीत’, आणि ते खरंच आहे, सुरेश भटांची ती गझल लताबाईंच्या आवाजात लागली की हातातलं काम सुटतं. पण मला त्यातली महिलाश्रमाची बाजू जास्त मोठी वाटते, ती फायली, ती कमिटी, त्या बायका, एका शिकलेल्या बाईने सुधारणा करायला जावं आणि संस्थाच तिला गिळायला निघावी. घर सोडल्याची चर्चा लोक चाळीस वर्षं करतायत, नोकरी कशी होती ह्याची कोणी करत नाही! सुलभा परत येते तेव्हा घरात तिची जागा भरलेली असते आणि ती गाडीत बसून निघून जाते. माझ्या ओळखीत असे पुरुष आहेत जे अजून म्हणतात तिचं चुकलंच. काका, तुम्ही त्यातले नसाल अशी आशा आहे. ‘बेघर’ मिळवायला मात्र त्रास होतो, नवीन दुकानांत विचारून दमले, जुन्या वाचनालयातच नशीब आजमावा.

डॉ. कोटणीसांवर सिनेमा आहे असं आजोबा सांगतात. तो पण पुस्तकावरून केलाय का? – दहावीतली विद्यार्थिनी, भैय्या चौक

हो बाळा, आणि तू तर त्यांच्या स्मारकाजवळच राहतेस की. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’, 1946, व्ही. शांताराम. ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत कोटणीसांवर पुस्तक लिहिलं होतं त्यावरून केला, आणि कोटणीसांचं काम स्वतः शांतारामबापूंनी केलं. बघताना एक गोष्ट लक्षात ठेव, डॉ. द्वारकानाथ कोटणीस 9 डिसेंबर 1942 ला चीनमध्ये वारले, वय फक्त 32, म्हणजे सिनेमा आला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती आणि देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. त्यामुळे त्यात भाषणं भरपूर आहेत, भावना ओसंडून वाहतात, आणि त्यांच्या चिनी पत्नीचं काम जयश्रीबाईंनी केलंय ते आज थोडं विचित्र वाटेल. तरी बघ. आजोबांना शेजारी बसवून बघ, तेच जास्त इंटरेस्टिंग होईल.

‘दुनियादारी’ सिनेमा ज्यांनी बघितला आणि कादंबरी वाचली नाही त्यांना सुहास शिरवळकरांबद्दल बोलायचा अधिकार नाही! सिनेमावाल्यांनी शेवटाची वाट लावली. तुम्ही जाहीर निषेध करावा. – एक कट्टर वाचक, बार्शी

निषेध नाही करणार, पण कुरकुर करते.

1982 ची कादंबरी, 2013 चा सिनेमा, मधल्या काळात कॉलेजच्या पोरांनी ती इतकी वाचली की आमच्या वाचनालयातल्या प्रतीला पुठ्ठा उरलेला नव्हता, आणि त्या पोरांत मी पण होते. शिरवळकर गेले 2003 ला, सिनेमा बघायला ते नव्हते. संजय जाधवने त्यातली यारी-दोस्ती उचलली, अंकुश चौधरीचा दिग्या उभा केला (त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, कसली एंट्री आहे), कपडे, गाणी, डायलॉग, आणि अर्ध्या सोलापूरच्या रिक्षांच्या मागे ‘तेरी मेरी यारी’ची ती ओळ येऊन बसली. चालला पण प्रचंड.

पण कादंबरी दोस्तीचा जयजयकार नाहीये हो. कट्ट्यावरची धमाल आहेच, पण त्याच्या आतून प्रत्येकाचं काहीतरी चुकत, निसटत जातं, आणि नायकाला, श्रेयसला, हळूहळू कळतं की लोक जसे दिसतात तसे नसतात आणि आपण पण नसतो. ‘दुनियादारी’ ह्या नावातच ते कडवटपण आहे. सिनेमाने त्यातला कडूपणा काढून रडू घातलं, आणि रडू थिएटरच्या बाहेर आल्यावर पार्किंगपर्यंत टिकतं. तुमचा राग बरोबर आहे, पण अधिकार-बिधिकार नका काढू, सिनेमा बघून पुस्तक विकत घेतलेली कितीतरी पोरं मला माहितीयेत.

एवढं सगळं जुनं झालं, सध्या वाचलेलं आणि आवडलेलं काय? आणि कोणत्या कादंबरीवर सिनेमा यावा असं वाटतं? – बऱ्याच जणांनी विचारलंय

सध्याचं म्हणाल तर कृष्णात खोतांची ‘रिंगाण’, 2023 चा साहित्य अकादमी मिळालाय तिला. धरणामुळे उठलेलं गाव, नवीन जागी माणसं कशीबशी रुजतायत, आणि मागे जंगलात राहून गेलेली एक म्हैस आणायला एक माणूस जातो. बस. पण ती भाषा! कडक भाकरीसारखी आहे, घाईने खाल्ली तर टाळूला लागते, थोडी मुरू द्यावी लागते, मग चव कळते. मला पहिली तीसेक पानं जड गेली, नंतर ठेववेना. आपल्या उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की तिकडे पुणे जिल्ह्यात पळसदेवच्या बाजूला जुनी देवळं वर येतात, लोक गाडी काढून फोटो काढायला जातात, मी पण गेलेय, ‘रिंगाण’ वाचल्यापासून मात्र त्या देवळांभोवती राहणारी माणसं कुठे गेली असतील हे डोक्यातून जात नाही. सिनेमा करता येईल का? माणूस आणि म्हैस, दोघंच, मधे जंगल, संवाद नाहीच. हिंमतवाला दिग्दर्शक पाहिजे.

आणि दुसरी जयवंत दळवींची ‘ऋणानुबंध’. ह्यावर सिनेमा येऊन गेलाय, ‘कच्चा लिंबू’, 2017 चा, प्रसाद ओकने केलेला, पण फार लोकांनी बघितला नाही. मतिमंद मुलगा वयात येतो आणि आईबापाचं काय होतं त्याची गोष्ट. बापाचं काम रवी जाधवने केलंय, तोच तो वर आलेला ‘नटरंग’वाला, आणि आई सोनाली कुलकर्णी. बराचसा कृष्णधवल आहे, चाळीतली खोली आणखीन लहान वाटते त्याने. दळवी जे बोलायला लोक लाजतात ते सरळ लिहायचे, सिनेमाने पण मान फिरवली नाही. घरी सगळ्यांसोबत बघताना अवघडायला होईल, तरी बघा.

यावा असं म्हणाल तर माझं उत्तर ठरलेलं आहे, प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’. पेंढारकर स्वतः सिनेमातले, भालजींचे चिरंजीव, शांतारामबापूंकडे काम केलेले, माहितीपट केलेले, आणि कादंबरी अशी लिहिलीये की प्रत्येक प्रकरण कॅमेरा लावूनच बघतोय. हिमालयात रस्ता खोदणारे लष्कराचे लोक, उभा कडा, सुरुंग, खाली सतलज, आणि मुंबईहून गेलेला विश्वनाथ मेहेंदळे नावाचा इंजिनिअर ज्याला वरिष्ठांचा हुकूम आणि आपली अक्कल ह्यात निवड करायची आहे. इथं सांगणाऱ्याची पण अडचण नाही, डोंगरच बोलतो. खर्च येईल हे मान्य, तिथं जाऊन शूटिंग करायचं म्हणजे खायचं काम नाही, पण आता ओटीटीवाले काय काय करतात, आठ भागांची सिरीज आरामात होईल. माझी अट एकच, मेहेंदळेला तिथं बर्फात गाणं म्हणायला लावायचं नाही.